पाणमांजर : संगमाच्या पाण्यातील शेजारी

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. नद्यांचे संगम बहुधा तिरकस असतात. लहान नदी मोठीच्या कुशीत शिरते आणि दोघींचे पाणी एका दिशेने पुढे जाते. येथे मात्र महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावरून निघालेल्या दोन नद्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून प्रवास करून परस्परांना सामोऱ्या येतात आणि एकत्र झालेले पाणी काटकोनात वळून पूर्वेकडे निघते. म्हणूनच या स्थानाला प्रीतिसंगम हे नाव मिळाले. यशवंतराव चव्हाण यांची समाधी येथेच आहे. पहाटे फिरावयास येणाऱ्या कराडकरांना येथील घाट, बाग, समाधी आणि नदीचे रुंद पात्र यांचा चांगला परिचय आहे. याच पाण्यात वावरणाऱ्या एका सस्तन प्राण्याचा परिचय मात्र फार थोड्यांना आहे. तो प्राणी म्हणजे पाणमांजर.

कृष्णा-कोयनेच्या या पट्ट्यात पाणमांजरांचा वावर आहे. सकाळच्या शांत पाण्यावर चार-पाच तपकिरी डोकी एका रांगेत सरकताना दिसतात, मधूनच एखादी पाठ कमानीसारखी वर येते आणि सारे काही पुन्हा पाण्याखाली नाहीसे होते. पाहणाऱ्याला वाटते, मोठा मासा असेल किंवा मगरीचे पिल्लू असेल. क्षणभर दिसणाऱ्या या जीवाची ओळख करून घेणे दोन कारणांनी अगत्याचे आहे. एक, तो नदीच्या आरोग्याचा विश्वासू साक्षीदार आहे. दोन, त्याचे जगणे-मरणे आज नदीकाठच्या व्यापार-उदिमाशी बांधले गेले आहे.

नावापासून आरंभ करावा, कारण नावातच घोटाळा आहे. पाणमांजर हे मांजर नव्हे. मांजराच्या कुळाशी त्याचा जवळचा संबंध नाही. ते वीझल या लांबट अंगाच्या, आखूड पायांच्या मांसभक्षक प्राण्यांच्या कुळातील आहे. मराठीत त्याला ऊद असेही म्हणतात आणि हिंदीत ऊदबिलाव. परंतु मराठीत उदमांजर हा शब्द झाडांवर आणि घरांच्या माळ्यावर रात्री फिरणाऱ्या निराळ्याच प्राण्यालाही लावला जातो, त्यामुळे दोहोंची गल्लत नेहमीची आहे. संस्कृतातील मूळ शब्द ‘उद्र’. पाणी या अर्थाच्या ‘उदक’ शब्दाशी त्याचे नाते आहे. उद्र म्हणजे पाण्यातला. इंग्रजीतील ‘ऑटर’ हा शब्दही याच प्राचीन मुळाचा फाटा आहे. पारशी समाजाच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात हा प्राणी ‘उद्र’ याच नावाने येतो. त्याची हत्या करणाऱ्यास तेथे जबर शिक्षा सांगितली आहे आणि अशा हत्येमुळे प्रदेशावर अवर्षण येते अशी धारणाही व्यक्त झाली आहे. पाण्याचा प्राणी गेला की पाणीही जाते, हा विचार इतका जुना आहे.

जगात पाणमांजरांच्या सुमारे तेरा जाती मानल्या जातात. त्यांपैकी तीन भारतात आहेत. हिमालयातील थंड प्रवाहांत आणि इतरत्र तुरळकपणे आढळणारी युरेशियन जात, कोडगू-निलगिरीसारख्या डोंगराळ भागांतील ओढ्यांत राहणारी लहान नखांची जात, आणि मैदानी नद्या, तलाव व खाड्या यांत सर्वाधिक दिसणारी गुळगुळीत अंगाची जात. कृष्णेतील पाणमांजरे या तिसऱ्या प्रकारची. इराकच्या दलदलीपासून थेट आग्नेय आशियापर्यंत तिचा विस्तार आहे. गोव्यातील चोडण बेटाच्या खारफुटीत आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांतही हीच जात राहते. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘मिजबिल’ नावाच्या पाणमांजराचा धडा आहे. गॅव्हिन मॅक्सवेल या लेखकाने १९५६ मध्ये इराकहून इंग्लंडला नेलेले ते पिल्लूही याच जातीचे होते. घरातील मुलांनी तो धडा वाचला असेल, तर त्यांना हे आवर्जून सांगावे की मिजबिलचे भाऊबंद कराडच्या नदीत आहेत.

पूर्ण वाढलेल्या पाणमांजराचे वजन साधारण ७ ते ११ किलो भरते. शेपटी धरून त्याची लांबी मीटरभराहून अधिक असते. डोके गोलसर, मान जाड, पाय आखूड, बोटांमध्ये पडदा आणि शेपटी टोकाकडे चपटी. पोहताना ही शेपटी सुकाणूचे आणि वल्ह्याचेही काम करते. पाण्यात शिरताच कान आणि नाकपुड्या मिटतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. तेथे ओठांवरील राठ मिशा कामास येतात. मासा हलला की पाण्यात उठणारी बारीक थरथर या मिशांना कळते. व्हेल किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, पाणमांजराला तो नाही. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचे लांब केस पाणी निथळू देतात आणि आतील दाट लव हवा धरून ठेवते. त्यामुळे तासन्‌तास पाण्यात राहूनही त्याची कातडी कोरडी राहते. हीच लव पुढे त्याच्या जिवावर उठली. ते पुढे येईलच.

पाण्यातून बाहेर आल्यावर हे प्राणी वाळूत लोळतात, अंग घासतात, एकमेकांची लव साफ करतात. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो आणि पिल्लांच्या बाबतीत तो खेळ असतोही. परंतु मोठ्यांसाठी ते नित्यकर्म आहे. लव मळली, चिकटली, तर तिच्यात हवा राहत नाही आणि शरीराची ऊब जाते. नदीकाठचा स्वच्छ वाळूचा पट्टा ही म्हणूनच पाणमांजराची चैन नाही, गरज आहे.

त्याचे कौटुंबिक जीवन विशेष पाहण्याजोगे आहे. भारतातील अनेक मांसभक्षक प्राणी एकेकटे राहतात. पाणमांजर कुटुंबाने राहते. नर, मादी आणि त्यांची एक-दोन वर्षांची मुले असा हा परिवार असतो. कधी दहा-अकरा जणांपर्यंत जातो. कळपाच्या हालचाली बहुधा माता ठरवते, तर पिल्लांच्या संगोपनात पिताही वाटा उचलतो. गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. पावसाळा ओसरून नदी शांत झाली, की हिवाळ्याच्या सुमारास बिळात दोन ते पाच पिल्ले जन्माला येतात. जन्मतः ती आंधळी असतात. सुमारे दहा दिवसांनी डोळे उघडतात. पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याला पोहणे मात्र जन्मतः येत नाही. पिल्ले पाण्याला भितात आणि साधारण दोन महिन्यांची झाल्यावर आई त्यांना मानेला धरून पाण्यात नेते. दूध चौथ्या महिन्याच्या सुमारास सुटते, पण शिकणे पुढे बरेच दिवस चालते. प्रौढ होण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर मुले घर सोडत नाहीत. धाकट्यांच्या संगोपनात थोरली भावंडे हातभार लावतात. एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही.

त्यांची भाषाही मोठी आहे. शीळ, चिवचिव, कूजन, किंकाळी अशा निरनिराळ्या आवाजांनी ते परस्परांशी संपर्क ठेवतात. याखेरीज गंधाची भाषा असते. नदीकाठच्या ठरावीक खडकांवर किंवा वाळूवर साऱ्या कळपाची विष्ठा एकत्र पडते. माशांच्या खवल्यांनी भरलेली ती विष्ठा म्हणजे त्या कुटुंबाची हद्द दाखवणारी पाटीच होय. हा परिसर कोणाचा, येथून कोण केव्हा गेले, ही माहिती दुसऱ्या कळपाला तिच्या वासातून मिळते. अभ्यासकही प्रत्यक्ष प्राण्यापेक्षा या खुणांवरूनच त्यांची नोंद घेतात. चंबळच्या अभयारण्यात आणि केरळातील पेरियार तलावात या जातीचा शास्त्रीय अभ्यास झाला, तो पुष्कळसा असाच झाला.

पाणमांजराचा मुख्य आहार मासे. खेकडे, झिंगे, बेडूक, पाणकिडे हेही तो खातो. थंड पाण्यात शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याच्या देहात सतत इंधन जळत असते, म्हणून दिवसाला सुमारे एक किलो अन्न त्याला लागते. शिकार पुष्कळदा सामुदायिक असते. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रांग धरून कळप प्रवाहाच्या उलट दिशेने निघतो आणि माशांना पुढे रेटत जातो. बांगलादेशातील नरैल भागात मासेमारांनी या स्वभावाचाच उपयोग करून घेतला. तेथे पाळीव पाणमांजरे दोरीने बांधून पाण्यात सोडतात आणि ती माशांना जाळ्याकडे हाकतात. ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आता नामशेष होत आली आहे.

कृष्णेकाठच्या भोई-कोळी बांधवांचे पाणमांजराविषयीचे मत निराळे असणार, हे उघड आहे. जाळ्यात अडकलेला मासा तो ओढतो, जाळे फाडतो. गरीब मासेमाराच्या दृष्टीने फाटलेले जाळे हा थोडा तोटा नव्हे. ही तक्रार खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. तरीही हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. चिलापी आणि मगूर यांसारखे बाहेरून आणलेले मासे आज देशातील नद्यांत मातले आहेत आणि त्यांनी स्थानिक माशांच्या जागा बळकावल्या आहेत. पेरियारमधील अभ्यासात तेथील पाणमांजरांच्या आहारात अशा बाहेरच्या माशांचा मोठा वाटा आढळला. शिवाय मासळीच्या मुद्दलालाच हात घालून कोणताही शिकारी प्राणी फार काळ जगू शकत नाही; त्याला व्याजावरच भागवावे लागते. एका कळपाला नदीचा कित्येक किलोमीटरांचा पट्टा लागतो आणि दुसऱ्या कळपाला तो तेथे सहज शिरू देत नाही. त्यामुळे त्यांची संख्या बेसुमार वाढत नाही.

आता त्यांच्या घराविषयी. पाणमांजराला तीन गोष्टी हव्या असतात : मासे असलेले वाहते पाणी, झाडोऱ्याने झाकलेला किंवा खडकाळ काठ, आणि निवांतपणा. काठावरील झाडांच्या मुळांखाली, खडकांच्या कपारीत किंवा मातीच्या कड्यात त्याचे बीळ असते. कराडच्या आसपास या गोष्टी अजून काही प्रमाणात टिकून आहेत. कोयनेच्या उगमाकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे दाट अरण्य आहे. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या घरात असून, वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळणारे पाणी वजा जाता उरलेले पूर्वेकडे कराडच्या दिशेने सुटते. कृष्णेवर खोडशीचा जुना बंधारा आहे. त्याच्या खाली, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव असलेल्या टेंभूजवळ, दुष्काळी तालुक्यांना पाणी उचलून देणारी टेंभू योजना आहे. या बांधकामांनी नदीचे स्वरूप पालटले आणि तिच्या पाण्याचे वेळापत्रक माणसाच्या हाती गेले. तरीही उन्हाळ्यात पात्रात पाणी राहते, डोहांत मासे टिकतात आणि त्यांच्या आधाराने पाणमांजरही तग धरून राहते.

खाली सांगलीच्या दिशेने गेले, की भिलवडी-औदुंबर परिसरात मगरींचा वावर आहे. मगरीच्या वार्ता वृत्तपत्रांत येतात, कारण तिची भीती वाटते. पाणमांजराची भीती कोणाला वाटत नाही, म्हणून त्याची वार्ताही होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला, तेव्हा माणसांच्या घरांबरोबर काठावरील बिळेही बुडाली. पुराचे संकट मात्र निसर्गाच्या ओळखीचे आहे. पूर ओसरतो आणि कळप पुन्हा काठ शोधतो. ओसरत नाहीत ती संकटे माणसाने आणलेली आहेत.

पहिले संकट वाळूचे. नदीतील वाळू उपसली, की अंग घासण्याची आणि हद्द आखण्याची जागा जाते. यंत्राने काठ कोरला, की बिळासकट कडा ढासळतो. उपसा रात्री चालत असेल, तर दिवसा माणसांना टाळून पहाटे व संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या या प्राण्याला निवांत अशी वेळच उरत नाही. वाळूच्या चाळणीतून झिरपून शुद्ध होणारे पाणी आणि काठच्या विहिरींची पातळी यांचे नुकसान होते, ते निराळेच.

दुसरे संकट सांडपाण्याचे. साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आणि शहरांचे मैलापाणी प्रक्रिया न करता नदीत सुटले, तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यात प्रवाह मंद असतो. अशा वेळी मासे गुदमरून मरतात. सांगली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच तरंगू लागल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा घडल्या आहेत. एका दिवसात नदीचा एवढा संहार होतो, की त्यापुढे पाणमांजरांच्या कळपाचे वर्षभराचे भक्षण काहीच नव्हे. तिसरे संकट स्फोटकांचे. जिलेटिनच्या कांड्या डोहात फोडून मासे मारण्याची दुष्ट रीत काही ठिकाणी चालते. तीत मोठ्या माशांबरोबर अंडी, पिल्ले आणि डोहातील सारेच जीव जातात.

चौथे संकट डोळ्यांना दिसत नाही. शेतातील विषारी औषधांचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर नदीत येतो. तो किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत जातो आणि प्रत्येक पायरीला त्याची मात्रा वाढते. शेवटच्या पायरीवर पाणमांजर आहे. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पाणमांजरे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. बियाण्यांना आणि मेंढ्यांना लावली जाणारी डिल्ड्रिनसारखी कीटकनाशके हे त्याचे मुख्य कारण ठरले. पुढील दशकांत त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली, नद्या सुधारल्या आणि २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर परतल्याचे आढळले. त्याच नद्यांचे पाणी माणसेही पीत होती, हे विसरून चालणार नाही. पाणमांजराने दिलेली सूचना माणसाच्याच हिताची ठरली.

आता त्या लवेविषयी. पाणमांजराची दाट लव हा शतकानुशतके व्यापाराचा जिन्नस होता. भारतात मारलेल्या प्राण्यांची कातडी चोरवाटांनी नेपाळमार्गे तिबेटकडे जात. तेथील सणासुदीच्या पोशाखाच्या काठांना वाघ, बिबट्या आणि पाणमांजर यांच्या कातड्यांची झालर लावणे प्रतिष्ठेचे मानले जाई. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कालचक्र विधीसाठी तिबेटी बौद्ध फार मोठ्या संख्येने जमले होते. तेथे दलाई लामांनी वन्यप्राण्यांची कातडी वापरणे सोडण्याचे आवाहन केले. त्यानंतर काही आठवड्यांतच तिबेटात लोकांनी आपले महागडे पोशाख स्वतःच्या हातांनी चौकात आणून जाळले. एका उपदेशाने मागणीच आटली. ही घटना जेथे घडली ती अमरावतीही कृष्णेच्याच काठी आहे. कराडवरून वाहत गेलेले पाणी पुढे त्याच नगरीजवळून समुद्राकडे जाते.

व्यापारी कुटुंबांसाठी या घटनेत मोठा बोध आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाणमांजराची शिकार आणि त्याच्या कातड्याचा व्यापार निषिद्ध आहे. हौसेखातर पिल्ले पाळण्याचे वेड काही देशांत पसरले, तेव्हा २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये गुळगुळीत अंगाच्या आणि लहान नखांच्या दोन्ही जातींच्या व्यापारावर कडक बंदी आली. कायदा आपले काम करतो. तथापि जेथे घेणारा आहे तेथे विकणारा निपजतो, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. तिबेटात कातड्याचा भाव कोसळला तो घेणाऱ्याचे मन पालटल्यामुळे.

जैन आचारशास्त्राने हा विचार फार पूर्वी केला आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ येते. हस्तिदंताबरोबरच कातडी, नखे, केस अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यात टीकाकारांनी गणला आहे. त्याच यादीत भूमी खणण्या-फोडण्याचे ‘स्फोटककर्म’ आहे आणि तळी, डोह, जलाशय शोषून घेणारे ‘सर-द्रह-तडाग-शोषण’ही आहे. आजच्या भाषेत यांचा अर्थ लावला, तर कातड्यांचा व्यापार, बेबंद वाळूउपसा आणि नदीचे डोह आटवणारा उपसा एका रांगेत येऊन बसतात. पहिला व्यवसाय जैन कुटुंबे करीत नाहीत, हे अभिमानाने सांगता येते. उरलेल्या दोहोंविषयी तितक्याच ठामपणे बोलता येईल का, हा प्रश्न बांधकाम, विटा, साखर आणि वाहतूक या व्यवसायांतील प्रत्येक पेढीने स्वतःला विचारावयाचा आहे.

येथे एक शंका हमखास निघते. पाणमांजर स्वतःच मासे मारून खातो. मग त्याचे रक्षण म्हणजे हिंसेला साहाय्य नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे. तिर्यंच जीव आपल्या देहाच्या बंधनाने जगतो. त्याला दुकानात जाऊन धान्य आणता येत नाही. माणसाला पर्याय आहेत, म्हणून माणसाची जबाबदारी मोठी. भगवान महावीरांचे लांछन सिंह आहे, आणि चंडकौशिक या विषारी नागाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तो दंश करणारा होता म्हणून भगवंतांनी त्याला करुणेबाहेर ठेवले नाही. पुष्पदंत अर्थात सुविधिनाथ भगवंतांचे लांछन मगर आहे, तर मुनिसुव्रतनाथांचे कासव. पाण्यातील जीवांना मंदिराच्या मूर्तीखाली स्थान देणाऱ्या परंपरेत नदीतील संज्ञी पंचेंद्रिय जीव उपेक्षित राहू नये. शिवाय रक्षण करावयाचे म्हणजे पाणमांजराला मासे नेऊन घालावयाचे नाहीत. त्याच्या नदीत माणसाने विष, यंत्र आणि स्फोटक न्यावयाचे नाही, एवढेच. त्यात पाणमांजराबरोबर माशांचेही अभयदान आहे.

असे करणे अशक्य नाही, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. कृष्णेचीच उपनदी असलेल्या तुंगभद्रेच्या सुमारे ३४ किलोमीटर पट्ट्याला कर्नाटक शासनाने २०१५ मध्ये पाणमांजर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. दूरचे उदाहरण सिंगापूरचे. त्या व्यापारी नगरीची नदी एके काळी गटार झाली होती. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत शासनाने ती निर्धाराने स्वच्छ केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाणमांजरे आपण होऊन परतली आणि आज उंच इमारतींच्या सावलीत, बँकांच्या मुख्यालयांसमोरील पाण्यात त्यांची कुटुंबे नांदत आहेत. तीही कृष्णेतील पाणमांजरांच्याच जातीची. त्यांनी व्यापाराला बाधा आणली नाही. उलट त्यांना पाहण्यासाठी लोक काठावर जमतात.

कराड-सांगली परिसरातील कुटुंबांना करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. घर वा दुकान बांधताना वाळू कोठून आली याची विचारणा करावी, परवान्याची पावती मागावी आणि शक्य तेथे खडी दळून केलेली कृत्रिम वाळू वापरावी. कारखाना वा प्रक्रिया उद्योग असेल, तर सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र केवळ तपासणीच्या दिवशी चालू नसावे. त्याच्या विजेचा खर्च हा धंद्याचा खर्च समजावा. निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या संगमात सोडू नयेत. फाटक्या नायलॉन जाळ्यात अडकलेला प्राणी दिसला, तर स्वतः हात न घालता वनविभागाला कळवावे. पिल्लू एकटे दिसले, तर उचलून घरी आणू नये. आई बहुधा जवळच असते. मे महिन्यातील शेवटचा बुधवार जागतिक पाणमांजर दिन म्हणून पाळला जातो. पाठशाळेच्या मुलांना त्या सकाळी दुरून नदी दाखवण्याचा कार्यक्रम करता येईल.

आणखी एक गोष्ट संघांच्या विश्वस्तांनी विचारात घेण्याजोगी आहे. प्रत्येक संघात जीवदयेचे खाते असते. पर्युषणात त्यात उदार हस्ते रक्कम जमा होते आणि ती पांजरपोळांकडे, चाऱ्याकडे, जीव सोडवण्याकडे जाते. हे सत्कार्य अखंड चालावे. मात्र काही जीव असे आहेत की ज्यांना पांजरपोळात आणता येत नाही, ज्यांना चारा घालता येत नाही, ज्यांची किंमत मोजून सुटका करता येत नाही. त्यांचे घर म्हणजे नदी, आणि ती जशी आहे तशी राहिली तरच ते राहतात. जीवदयेच्या खात्यातील लहानसा भाग नदीकाठच्या झाडांसाठी, घाटाच्या स्वच्छतेसाठी किंवा एखाद्या गरीब मासेमाराचे पाणमांजराने फाडलेले जाळे भरून देण्यासाठी बाजूला काढला, तर त्याची नोंद जमाखर्चात कोणत्या सदराखाली करावी, याचा संभ्रम पडू नये. ते सदर जीवदयेचेच आहे.